एका मित्राकडून, नॉर्बीच्या तलावासाठी

मी, आर्डिस जोसेफिन ब्रेके, वय चौऱ्याऐंशी, कै. लेलंड ब्रेके यांची पत्नी, जिल्ह्याची निवृत्त आरोग्य परिचारिका, राहणार चौथा रस्ता, नॉर्बी, मिनेसोटा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि मला कोणी फूस लावलेली नाही. रक्तदाब वाढलेला आहे, पण तो आजारपणाने नव्हे. तो कशाने वाढला हे कलम चारपासून पुढे येईल. २०१२ साली केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते फारच सभ्य होते.

माझ्या वकील मार्लिस ओडेगार्ड यांनी कच्चा खर्डा वाचून मला फोन केला. "आर्डिस, मृत्युपत्रात माणसांना बोल लावत नाहीत," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "बोल नाही लावलेला, माहिती दिलीय." त्यावर त्या म्हणाल्या, "बरं, निदान कलमं घाला." म्हणून कलमे घातली आहेत.

कलम १. चौथ्या रस्त्यावरचे राहते घर, त्यामागची जागा, गॅरेज आणि तळघरातले सर्व सामान माझी मुलगी रिनी हिला मिळावे. घराचे छत २०१९ साली नवे केलेले आहे. तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला वसंतात ओल येते. लेलंडने ती चाळीस वर्षांत सात वेळा दुरुस्त केली आणि सातही वेळा "आता झालं" असे म्हणाला. रिनीने गवंडी बोलवावा.

कलम २. बँकेतली शिल्लक रिनी आणि माझा मुलगा ब्रूस यांना निम्मी निम्मी मिळावी. ती फार नाही. ब्रूस अॅरिझोनात औषधाचे दुकान चालवतो आणि त्याला पैशाची गरज नाही. पण त्याला वाटते की आईबापांनी जन्मभर माया जमवून गादीखाली ठेवली आहे, म्हणून त्याने आकडा स्वतः डोळ्यांनी बघावा.

ब्रूसची तक्रार जुनी आहे आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तीच केली असती. दात वाकडे होते, तार लावली नाही. शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा होता, ट्रंपेट घेतला नाही. आमची गाडी एवढी जुनी होती की तो चर्चच्या एक चौक अलीकडे उतरून चालत जायचा. आम्ही दोघे मिळवते. बाप गावच्या सहकारी लोणी कारखान्यात मुख्य कारागीर, आई जिल्ह्याची नर्स. मग पैसा जातो कुठे, असे त्याने चौदाव्या वर्षी विचारले होते. लेलंड म्हणाला, "जातो कुठंतरी." बापाच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅम सँडविच खात असताना ब्रूस मला म्हणाला, "आई, राग मानू नकोस, पण बाबा आयुष्यभर नुसते चिकटपणा करत राहिले. काय मिळालं त्यांना?" मी हातातली कॉफी खाली ठेवली आणि भांडी धुवायला गेले. बोलायची मला मनाई होती.

कलम ३. लेलंडची हत्यारे. लोण्याच्या पिंपात खुपसून नमुना काढायची पोलादी नळी जिल्ह्याच्या संग्रहालयाला द्यावी. या नळीने त्याने एकवीस वर्षे लोणी तपासले. साय आंबट निघाली तर तो शेतकऱ्याचा कॅन परत पाठवायचा, मग तो शेतकरी त्याचा मेहुणा का असेना. त्यावरून मेहुणा ओडिन लार्सन दोन वर्षे आमच्याशी बोलला नाही. इतक्या कडक माणसाने आयुष्यात एकाच बाबतीत नासके चालवून घेतले, आणि त्याच्यासाठी मला हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे.

माझी बाळे तोलायची काट्याची पेटी रिनीला. मी पस्तीस वर्षे या जिल्ह्यात गाडी फिरवली. विहिरींच्या पाण्याचे नमुने घेतले, लसी टोचल्या, बाळे तोलली. आज जे लोक नगर परिषदेत बसून माझ्याकडे "म्हातारी बिचारी" म्हणून बघतात त्यांतल्या तिघांना मी उघडे तोलले आहे.

कलम ४. आता तलावाविषयी.

१९७३ च्या जुलैत खडीच्या खाणीत साठलेल्या पाण्यात लुआन पीटरसन ही सहा वर्षांची मुलगी बुडाली. मला बोलावले तेव्हा ती काठावर होती आणि तिचा बाप तिचे बूट हातात घेऊन उभा होता. ही मुलगी मी जन्मल्यावर आठव्या दिवशी तोलली होती. मी तिच्या छातीवर चाळीस मिनिटे दाब देत राहिले, आणि मला पहिल्या पाच मिनिटांतच कळले होते. दहा हजार तळ्यांचे म्हणवणारे हे राज्य, आणि आमच्या गावात पोरांना पोहायला शिकवणारे कोणी नव्हते. पोरे खाणीत डुंबत आणि आपोआप शिकत. जी शिकत नसत ती लुआनसारखी जात.

पुढच्या वर्षी माझे अविवाहित काका टिलमन वारले आणि त्यांची शेतजमीन माझ्या नावावर झाली. १९७६ मध्ये जमिनींचे भाव कधी नव्हे इतके चढले होते. मी लेलंडला म्हटले, विकू या आणि तलाव बांधू या. तो त्या वेळी बटाट्याच्या पोळीवर लोणी लावत होता. त्याने पोळी संपवली. मग म्हणाला, "बांधू. पण नाव नाही द्यायचं."

मला नावाची हौस नव्हती, हे मी देवासमोर सांगते. आमच्याकडे देणाऱ्याने नाव सांगितले की ते देणे राहत नाही, मिरवणे होते. लेलंडच्या घरी तर एवढे कडक होते की त्याच्या आईने चर्चला दिलेल्या पडद्यांची स्तुती कोणी तिच्यासमोर केली तर ती ते पडदे किती वाईट शिवलेत हे सांगत बसायची. तेव्हा मी कबूल झाले. जमिनीचे पैसे आणि आमची बचत, दोन्ही घातले. त्यानंतरही दर वर्षी पंप, रंग, पोहायला शिकवणाऱ्या मुलींचा पगार, जे कमी पडेल ते आमच्याकडून जात राहिले. ब्रूसचा ट्रंपेट त्यात गेला. त्याच्या दातांची तारही त्यातच गेली. ब्रूस, तुला न विचारता आम्ही तुझ्या वाट्याचे दिले. ते चूक होते असे मला आज वाटते. तलाव चूक नव्हता. तुला न सांगणे चूक होते.

कलम ५. पैसे कोणाच्या तरी हातून जाणे भाग होते. लेलंडने बँकेचे अध्यक्ष व्हर्नन स्टॅडहाइम यांना निवडले, कारण ते चर्चचे कारभारी होते आणि तोंडाचे घट्ट होते. पाकीट त्यांनी परिषदेला नेऊन दिले. आत पत्र होते, लेलंडच्या हातचे, खाली सही: एक मित्र.

लोकांनी व्हर्ननना विचारले, "तुम्हीच दिलेत ना?" व्हर्नन म्हणाले, "छे छे, मी नाही." आणि इथेच सगळे बिघडले. आमच्या गावात ज्याने दिले तो माणूस अगदी असाच नाही म्हणतो. व्हर्नन जितके नाकारत गेले तितका गावाचा विश्वास पक्का होत गेला. पहिली दोन वर्षे ते खरेच नाकारत होते, हे मी मान्य करते. तिसऱ्या वर्षी ते नुसते हसू लागले. पाचव्या वर्षी तलावाच्या वाढदिवसाला केक कापायला त्यांना बोलावले आणि त्यांनी तो कापला.

ब्रूस सतरा वर्षांचा असताना तलावावर जीवरक्षक होता. एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "आज मिस्टर स्टॅडहाइमनी माझ्याशी हात मिळवला. बाबा, माणूस असावा तर असा." लेलंड म्हणाला, "हो, चांगला आहे." मी मटार सोलत होते. मी ते सोललेले मटार सगळे फेकून दिले आणि टरफले ठेवली, एवढे माझे लक्ष ठिकाणावर नव्हते.

लोणी कारखाना बंद पडल्यावर लेलंडला नगर परिषदेच्या पाणीपुरवठ्यात काम मिळाले. त्यात तलावही आला. म्हणजे स्वतः दिलेल्या तलावातली पाने जाळीने काढायची, क्लोरीन टाकायचे, संडास धुवायचे, आणि मिसेस स्टॅडहाइम येऊन म्हणणार, "लेलंड, पाणी जरा गढूळ वाटतंय. व्हर्ननना वाईट वाटेल." तो म्हणायचा, "बघतो." तेवीस वर्षे त्याने बघितले. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात जाळी घालावीशीही वाटायची.

१९९१ मध्ये व्हर्नन बँकेतून निवृत्त झाले आणि परिषदेने पितळी पाटी केली: व्हर्नन पी. स्टॅडहाइम जलतरण तलाव. पाटी बसवायला परिषदेचा माणूस पाठवला. परिषदेचा माणूस म्हणजे लेलंड. त्याने भिंतीला भोके पाडली, पाणसळ लावून बघितली आणि चार स्क्रू पिळले. घरी आल्यावर मी विचारले, "सरळ बसली का?" तो म्हणाला, "अगदी." मी त्या रात्री त्याला जेवायला वाढले नाही. त्याने स्वतः अंडी तळून घेतली आणि माझ्यासाठीही दोन तळली.

तेव्हाच मी म्हणत होते की सांगू या. तो म्हणाला, "तलावात पोरं पोहतायत ना? मग पाटीवर कुणाचं नाव आहे त्यानं पाणी ओलं व्हायचं थांबतं का?" मार्च २०११ मध्ये, जायच्या चार दिवस आधी, त्याने माझ्याकडून शब्द घेतला. "आपण दोघंही गेल्यावर काय ते कळू दे. मृत्युपत्रात लिही. तोवर नाही, आर्डिस." मी शब्द दिला. मरणाऱ्या माणसाशी कोण वाद घालतो.

कलम ६. लेलंडचा लाल मुठीचा पेचकस, गॅरेजमधल्या वरच्या खणातला, क्रेग स्टॅडहाइम यास द्यावा. क्रेग हा कै. व्हर्नन यांचा मुलगा आणि आता बँकेचा अध्यक्ष. पाटीचे चारही स्क्रू याच पेचकसाने निघतात.

कलम ७. क्रेगला पेचकस का, याचा खुलासा.

तलावाच्या खालचे पाइप गेले आहेत आणि तळाला चिरा पडल्या आहेत. दुरुस्ती मोठी आहे. क्रेगला ती जागा विकत घेऊन तिथे हिवाळ्यात बोटी ठेवायच्या शेड बांधायच्या आहेत. पण आमच्या १९७७ च्या पत्रात अट आहे: ही जागा मुलांना पोहायला शिकवण्यासाठीच वापरावी, दुसऱ्या कामाला द्यायची झाल्यास देणाऱ्याची किंवा देणाऱ्याच्या कुटुंबाची लेखी संमती लागेल. ही अट लेलंडने नव्हे, मी घालायला लावली होती.

गेल्या महिन्यात परिषदेच्या बैठकीत क्रेगने ती संमती लिहून दिली. देणाऱ्याचे कुटुंब म्हणून. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. परिषदेच्या एका बाईंनी विचारले, "क्रेग, पैसे तुझ्या वडिलांचेच होते, हे नक्की ना?" क्रेग खाली बघून म्हणाला, "बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत." आणि सगळ्या खोलीने माना डोलावल्या. कदाचित त्याला खरे माहीत नसेल. पण त्याच्या स्वतःच्या बँकेची जुनी कागदपत्रे उघडून बघायला त्याला कोणी अडवले नव्हते.

मग तो म्हणाला, "खरं सांगायचं तर बाबांनी ज्या मुलांसाठी हे केलं, ती मुलं आता गावात राहिलीच नाहीत. आता कोण येतं पोहायला, बघताय ना तुम्ही."

कोण येते ते मी सांगते. टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची पोरे येतात. ग्वाटेमालाची येतात, सोमालियाची येतात. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी दीड तास रिनी तलावाच्या कुंपणाला ताडपत्र्या बांधते, पुरुषांना बाहेर ठेवते आणि सोमाली बायकांना व मुलींना पोहायला शिकवते. या वर्षी अकरा जणींना पाण्यावर तरंगता आले. लुआन पीटरसनचे आईबाप नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडे होते आणि यांचे आईबाप आणखी कुठून आले आहेत, एवढाच काय तो फरक. बुडताना सगळी पोरे सारखीच बुडतात.

क्रेग बसल्यावर माझी रिनी उभी राहिली. अट्ठावन्न वर्षांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरातून तशीच आलेली, अंगावर एप्रन. ती क्रेगकडे वळून म्हणाली, "क्रेग, तुमच्या घराण्याचे आमच्या सगळ्यांवर उपकार आहेत. तुमच्या वडिलांनी दिलं नसतं तर मी पोहायलाच शिकले नसते. मी हात जोडून सांगते, एवढी एक संमती देऊ नका." क्रेग म्हणाला, "रिनी, तुझ्या भावना मी समजू शकतो." आणि घड्याळाकडे बघितले.

माझी मुलगी, माझ्याच काकाच्या जमिनीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या तलावासाठी, त्या माणसापुढे हात जोडत होती. मी उठले. लेलंडला दिलेला शब्द आठवला आणि मी परत बसले. त्या बसण्याची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नाही. बाहेर गाडीत रिनी म्हणाली, "आई, तू एक शब्दही बोलली नाहीस." मी म्हटले, "पट्टा लाव."

कलम ८. पुरावे. आमच्या पत्राची कार्बन प्रत, जमीन विकल्याचे कागद, पाकिटात घातलेल्या चेकचा बँकेचा शिक्का असलेला उतारा आणि नंतरच्या एकतीस वर्षांच्या पावत्या शिवणयंत्राच्या खालच्या खणात एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. लेलंडला वाटायचे की मी त्या जाळल्या. मी नवऱ्याला जन्मात एकदाच फसवले ते एवढ्यापुरते. सर्व मूळ कागद परिषदेच्या लेखनिकाकडे जावेत आणि प्रती ब्रूस व रिनी यांच्याकडे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रिनी आणि मार्लिस ओडेगार्ड यांनी करावी. दफनाच्या वेळी भजने दोनच म्हणावीत. माझ्याबद्दल कोणी "त्यांनी कधी तक्रार केली नाही" असे म्हणू लागले तर पाद्रीबाईंनी त्याला खाली बसवावे.

माझ्या नावाची पाटी लावू नये. लेलंडचीही लावू नये. या एका गोष्टीत मी त्याच्या बाजूची आहे. तिथे काही लिहायचेच असेल तर लुआन पीटरसनचे नाव लिहावे.

कलम १०. हे माझ्या मृत्यूनंतर वाचले जावे अशी लेलंडची इच्छा होती. परिषदेचे मतदान येत्या मंगळवारी, १५ ऑक्टोबरला आहे. मी डॉक्टरांना विचारले, मंगळवारच्या आत माझे काही होईल का. ते म्हणाले, "आर्डिस, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे." तेव्हा त्या मार्गाने तलाव वाचत नाही.

लेलंड, मी तुला दिलेला शब्द मोडते आहे. पन्नास वर्षांच्या संसारात तुझ्याइतका चांगला माणूस मला भेटला नाही आणि तुझ्याइतका आडमुठाही नाही. आपण गप्प बसलो तोवर आपल्या गप्प बसण्याने कोणाचे काही गेले नव्हते, असे तुला वाटत होते. ब्रूसचे गेले होते. आता त्या अकरा मुलीबायकांचे आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांचे जाणार आहे. तू रागावशील. रागाव. भेट झाली की काय बोलायचे ते बोल, मी ऐकून घेईन.

हे मृत्युपत्र मंगळवारी संध्याकाळी सात वाजता नगर परिषदेच्या भर बैठकीत मी स्वतः उभी राहून पहिल्या शब्दापासून वाचणार आहे. ब्रूसला आज सकाळी फोन केला आणि म्हटले, ये. त्याने विचारले, "कुणी गेलं का?" मी म्हटले, "नाही. म्हणूनच ये." तो सोमवारी रात्री पोहोचतो.

१९७७ च्या पत्रात म्हटलेले देणाऱ्याचे कुटुंब मी आहे. देणारीही मी आहे. माझी संमती अजून कोणी मागितलेली नाही. ती मिळणार नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला समजले, आणि ते खरे आहे म्हणून खाली सही केली.

आर्डिस जोसेफिन ब्रेके
नॉर्बी, मिनेसोटा
गुरुवार, १० ऑक्टोबर २०२४

साक्षीदार. आर्डिस ब्रेके यांनी वरील सही आम्हा दोघींच्या समक्ष केली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळणार नाही. सही करताना त्यांच्या पेनाखाली कागद थोडा फाटला. तो भीतीने फाटला नाही, असे नमूद करण्यास त्यांनी सांगितले आहे.

१. लव्हॉन हॉगेन, निवृत्त ग्रंथपाल, नॉर्बी
२. हाव्वा अब्दी वार्सामे, टर्की कारखान्यातील पाळीप्रमुख, नॉर्बी. मला गेल्या उन्हाळ्यापासून पोहता येते.